एक्झिम बँकेला खुले पत्र: आफ्रिकेत पाईप पोहोचले, आता टोकाच्या नळाचं क्लोरीनही मोजा

प्रति,
संचालक मंडळ,
भारतीय निर्यात-आयात बँक, कफ परेड, मुंबई

स.न.वि.वि.

मलावीतल्या ब्लँटायर शहराला मुलांजे डोंगरातल्या लिखुबुला नदीचं पाणी आणायला आपल्या बँकेने २ कोटी ३५ लाख डॉलरची लाइन ऑफ क्रेडिट, म्हणजे ठरलेल्या मर्यादेपर्यंत हप्त्याहप्त्याने उचलायचं कर्ज, दिली. टांझानियात दार-ए-सलाम आणि चालिंझेच्या पाण्यासाठी १७ कोटी ८१ लाख डॉलर दिले, झांझिबारच्या पाणीपुरवठ्याच्या सुधारणेसाठी ९ कोटींच्या वर, आणि त्याच देशातल्या दोन डझन शहरांसाठी ५० कोटी डॉलर. कर्ज भारत सरकारच्या वतीने असतं हे मला ठाऊक आहे. पण करारावर सही तुमची असते आणि हप्ते तुमच्याकडून सुटतात. म्हणून हे पत्र दिल्लीला न पाठवता मुंबईला, आणि मराठीत.

मी नोकरीची सगळी वर्षं एका नगरपालिकेच्या जलशुद्धीकरण केंद्रावर केमिस्ट म्हणून काढली. बँकेतलं मला काही कळत नाही, पाण्यातलं थोडंफार कळतं. तुमच्या या योजनांच्या बातम्या मी बरीच वर्षं वाचतो आहे. त्यात लिटर असतात, किलोमीटर असतात, फीत कापणारे मंत्री असतात. योजना सुरू झाल्यावर तिसऱ्या पावसाळ्यात शेवटच्या नळाला जंतू मारणारं क्लोरीन किती उरलं होतं, हे मला एकाही बातमीत सापडलेलं नाही. आणि हवामान बदलत चाललेल्या आफ्रिकेत पाण्याची योजना तरली की बुडाली, हे त्याच आकड्यावरून ठरतं.

ब्लँटायरचंच बघू. या शहराचं बहुतेक पाणी वॉकर्स फेरी इथे शिरे नदीतून उचललं जातं आणि सुमारे ८०० मीटर वर चढवलं जातं. खोपोलीहून खंडाळ्याच्या माथ्यापर्यंत पाणी चढवायचं म्हटलं तरी एवढी उंची भरत नाही. वीज गेली की शहर कोरडं. आणि वीजही त्याच शिरे नदीवरच्या जलविद्युत केंद्रांतून येते, म्हणजे एका पुरात दोन्ही जातात. जानेवारी २०२२ मध्ये आना वादळाच्या पुराने कपिचिरा धरणाचा बांध फोडला. देशाची सुमारे ३० टक्के वीज त्या एका केंद्राची होती, आणि ते पुन्हा सुरू व्हायला वर्षाहून अधिक काळ लागला. मार्चमध्ये गोम्बे वादळ आलं. त्याच महिन्यात दक्षिणेच्या माचिंगा जिल्ह्यातून कॉलऱ्याची साथ जाहीर झाली.

मलावीला कॉलरा नवा नाही. तो पावसाळ्यात येतो आणि कोरड्या दिवसांत ओसरतो. या वेळी तो ओसरलाच नाही. जानेवारी २०२३ मध्ये ब्लँटायर आणि लिलाँग्वेच्या शाळा उघडणं पुढे ढकलावं लागलं. मार्चमध्ये फ्रेडी चक्रीवादळ आलं, सहा महिन्यांचा पाऊस सहा दिवसांत पडला, ब्लँटायरच्या टेकड्यांवरच्या वस्त्या चिखलात गाडल्या गेल्या. साथ आटोक्यात येईपर्यंत ५८ हजारांहून अधिक रुग्ण आणि १,७०० हून अधिक मृत्यू झाले होते. त्या देशाच्या इतिहासात कॉलऱ्याने इतकी माणसं आधी कधी नेली नव्हती. कॉलऱ्याचा जंतू क्लोरीनपुढे अगदी लेचापेचा असतो, म्हणून ही संख्या मला अधिक टोचते. स्वच्छ पाण्यात लिटरमागे अर्धा मिलिग्रॅम क्लोरीन अर्धा तास राहिलं, तर तो टिकत नाही.

आता तुमची लिखुबुला योजना. ती शहाणपणाची होती, यात शंका नाही. पाणी डोंगरावरून खाली यायचं, शिरेइतका उपसा नाही, विजेवरचा भार तेवढा कमी. ज्यांनी हा पर्याय निवडला त्यांना माझा नमस्कार. पण डोंगरी ओढ्याचं पाणी मी ओळखून आहे. वर्षातले दहा महिने ते आरशासारखं असतं, आणि त्या दहा महिन्यांत सगळ्यांना वाटतं की इथे शुद्धीकरण म्हणजे नावापुरतं क्लोरीन सोडलं की झालं. मुलांजेच्या उतारावरची झाडं वर्षानुवर्षं चोरटी तोडली जात आहेत, त्यामुळे पाऊस आता मातीसकट खाली येतो.

पहिला मोठा पाऊस झाला की केंद्रावर काय होतं, ते जरा तपशिलाने सांगतो, कारण प्रकल्प अहवालात ते कुणी लिहीत नाही. गढूळपणा ५ एनटीयूवरून (एनटीयू हे गढूळपणाचं माप) दोन-तीन तासांत ५०० च्या पुढे जातो. कालच्या तुरटीच्या डोसाने आज काहीच होत नाही. मग जार टेस्ट लावायची. एकेक लिटरचे सहा बीकर, प्रत्येकात चढत्या मापाने तुरटी, मिनिटभर जोरात ढवळायचं, मग पंधरा-वीस मिनिटं हळू, मग अर्धा तास थांबायचं आणि कुठल्या बीकरमध्ये फ्लॉक, म्हणजे तुरटीने गोळा केलेल्या गाळाचे पुंजके, जड होऊन तळाला बसतोय ते बघायचं. पुराच्या पाण्यात क्षारता, म्हणजे आम्ल झेलण्याची ताकद, उतरलेली असते, आणि कातळावरून येणाऱ्या ओढ्यात ती मुळातच कमी. क्षारता नसेल तर तुरटी कितीही घाला, फ्लॉक धरत नाही. चुना द्यावा लागतो. हे ज्याला माहीत नाही तो तुरटीच वाढवत राहतो, पाणी आंबट होतं आणि गढूळ ते गढूळच. मग फिल्टर चोंदतात, बॅकवॉश (उलट्या दिशेने पाणी सोडून फिल्टर धुणं) दिवसातून एकदाऐवजी चारदा, आणि बॅकवॉशच्या पंपाला वीज नाही. त्यात पहिल्या पुराचं पाणी शेणमूत, पालापाचोळा आणि अमोनिया घेऊन येतं. ते क्लोरीन खातं. रोजचा डोस चालू असतो, रजिस्टरवर तो बरोबर लिहिलेला असतो, आणि टाकीतून बाहेर पडणाऱ्या पाण्यात क्लोरीन शून्य असतं.

अशा वेळी उपयोगाला येतात त्या गोष्टी फार महाग नाहीत. सहा बीकरचं यंत्र, गढूळपणा मोजायचं मीटर, क्लोरीन तपासायच्या डीपीडीच्या गोळ्या, कोरड्या जागी ठेवलेला चुना, पंधरा दिवसांचं डिझेल आणि रात्रपाळीला असा एक माणूस, ज्याला डोस बदलायचा अधिकार आहे. (आपल्याकडे अजून क्लोरीनसाठी ऑर्थोटोलिडीनचा, म्हणजे ओटी टेस्टचा, पिवळा रंग बघतात. ते रसायन आरोग्याला घातक म्हणून जगाने कधीच सोडून दिलं. निदान तिकडे तरी डीपीडीच पाठवा.) २ कोटी ३५ लाख डॉलरच्या योजनेत या सगळ्याची किंमत चहापाण्याच्या खर्चाइतकीही होणार नाही.

दार-ए-सलामची गोष्ट उलट्या टोकाची. तुमच्या कर्जातून अप्पर रुवू केंद्राची क्षमता रोज ८ कोटी २० लाख लिटरवरून १९ कोटी ६० लाख लिटर झाली. मोठं काम आहे. पण केंद्र दुप्पट केलं म्हणून नदी दुप्पट होत नाही. पाऊस लांबला आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये रुवूच आटली, शहरात पाण्याची पाळी लावावी लागली. पाळीचं पाणी म्हणजे काय, हे महाराष्ट्रातल्या वाचकाला समजावून सांगायची गरज नाही. समजावायचं आहे ते बँकेतल्या साहेबांना, ज्यांच्या इमारतीत चोवीस तास पाणी असतं. नळ बंद असतो तेव्हा पाईपमधला दाब शून्यावर येतो, आणि फुटक्या सांध्यातून शेजारच्या गटाराचं पाणी आत ओढलं जातं. केंद्रावरून सोडलेलं शुद्ध पाणी वाटेत नासतं. शिवाय कोरड्या वर्षी नदीत पाणी कमी आणि सांडपाणी तेवढंच, म्हणजे घाण दाट. पाणी कोमट असलं की क्लोरीनही लवकर उडतं. दुष्काळाचा आणि जुलाबाचा संबंध लोकांच्या डोळ्यांसमोर येत नाही, कारण कुठे पूर दिसत नाही.

मोझांबिकच्या बैरा शहरात मार्च २०१९ च्या इदाई वादळानंतर डिझेलअभावी पंप बंद होते. नळ सुरू व्हायला आठवड्याच्या आसपास गेला, आणि महिना संपायच्या आत कॉलरा जाहीर झाला. लस लगेच पोहोचली म्हणून मृत्यू आठावर थांबले, रुग्ण तर सहा हजारांवर गेले होते.

झिम्बाब्वेतल्या हरारेचं उदाहरण हवामानाचं नाही, पण तुमच्या कामाचं आहे. १ डिसेंबर २००८ रोजी त्या राजधानीचं पाणी बंद झालं, कारण तुरटी संपली होती. धरण होतं, केंद्र होतं, पाईप होते. देशात तेव्हा चाललेल्या कॉलऱ्याच्या साथीत ४ हजारांहून अधिक माणसं मेली. २०१९ च्या सप्टेंबरात तेच मॉर्टन जाफ्रे केंद्र पुन्हा रसायनांअभावी थांबलं, परकीय चलन नव्हतं म्हणून. हरारे ज्या चिवेरो तलावातून पाणी घेतं त्यातच शहराचं सांडपाणी उतरतं, त्यामुळे रसायनंही कितीतरी जास्त लागतात. तापमान वाढलं की अशा तलावात शेवाळ माजतं, आणि रसायनांचं बिल आणखी फुगतं. डॉलरमध्ये घ्यायची रसायनं आणि स्थानिक चलनात मिळणारी पाणीपट्टी, हा आफ्रिकेतल्या बहुतेक जलमंडळांचा रोजचा पेच आहे. त्यात ब्लँटायरसारख्या ठिकाणी शुद्ध केलेल्या पाण्यापैकी निम्म्याच्या आसपास पाण्याचं बिलच होत नाही. ते गळतं किंवा चोरलं जातं. ज्याला निम्म्या मालाचे पैसे मिळत नाहीत तो पहिली काटकसर प्रयोगशाळेत करतो. आमच्याकडेही तेच होतं.

आता तुमच्या अटीकडे येतो. लाइन ऑफ क्रेडिटच्या नियमांप्रमाणे साधारण ७५ टक्के माल आणि सेवा भारतातून घ्याव्या लागतात, बांधकामात थोडी सवलत मिळते. कर्ज भारताचं आहे, तर भारताच्या कारखान्यांना काम मिळावं, यावर माझा आक्षेप नाही. पण क्लोरीन मापाने सोडणारा डोसिंग पंप भारतातून जातो आणि त्याचा डायफ्राम, म्हणजे आतला रबरी पडदा, दोन वर्षांनी फाटतो. तेव्हा ठेकेदार घरी परतलेला असतो, हमीची मुदत संपलेली असते आणि नवा डायफ्राम मागवायला जलमंडळाकडे डॉलर नसतात. मग बादलीला भोक पाडून ब्लिचिंगचं पाणी थेंब थेंब सोडायचं. ही बादली मी आपल्याकडच्या गावांत पाहिली आहे, तिकडे वेगळी असेल असं मला वाटत नाही. ब्लिचिंग पावडर तरी कशी असते? ताजी ३३ टक्क्यांची, पण उन्हाने तापलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये पोती पडून राहिली की ताकद झपाट्याने उतरते. पोत्यावर ३३ छापलेलं, आत निम्मं. डोस छापील आकड्यावर काढला जातो.

हातपंपाची गोष्ट यात सोलापूर-जालन्यामुळे येते. आफ्रिकेत गावोगावी दिसणारा इंडिया मार्क टू हातपंप हा ज्या पंपांवरून तयार झाला त्यांत जालना पंप आणि सोलापूर पंप हे महत्त्वाचे होते. मराठवाडा-सोलापूरच्या दुष्काळात घडलेलं हे यंत्र जगभर गेलं, त्याचा मला अभिमान आहे. पण आफ्रिकेत बऱ्याच भागांत भूजल आम्लधर्मी आहे. त्यात आपले जस्ताचा मुलामा दिलेले पाईप गंजतात, पाणी लाल येतं, डाळ काळी पडते, आणि बायका पंप सोडून पुन्हा ओढ्याकडे जातात. तिथे स्टेनलेस स्टील किंवा पीव्हीसी लागतं. पाण्याचा सामू आधी मोजला असता तर हे कळलं असतं. मोझांबिकच्या १,६०० हातपंपांच्या बोअरवेलसाठी ३ कोटी ८० लाख डॉलरचं कर्ज तुम्हीच दिलं आहे. तिथे कुठला पाईप उतरला, हे एकदा कृपा करून विचारा.

जागतिक आरोग्य संघटनेने २००४ साली जल सुरक्षा योजना ही पद्धत पुढे आणली. तिचा गाभा असा, की टाकीतलं पाणी तपासून नंतर हळहळण्यापेक्षा डोंगरापासून घागरीपर्यंत पाणी कुठे कुठे बिघडू शकतं ते जलमंडळाच्या माणसांनी स्वतः चालत जाऊन बघायचं, प्रत्येक जागेला एक पहारा आणि एक उपाय ठरवायचा, आणि तो पाळला जातो का ते लिहून ठेवायचं. २०१७ मध्ये त्यात पूर, दुष्काळ आणि उष्णता धरून वेगळी मार्गदर्शिका आली. इथिओपियाने ती देशपातळीवर लवकर उचलली. युगांडाच्या राष्ट्रीय पाणी महामंडळाने तर कंपालात २००४ च्याही आधी या पद्धतीचे प्रयोग सुरू केले होते. कंपालाचं सांडपाणी नाकिवुबो कालव्यातून व्हिक्टोरिया तलावाच्या ज्या उपसागरात जातं, त्याच उपसागरातून गाबा केंद्र पिण्याचं पाणी घेतं. हा धोका कागदावर मांडला गेला होता. पुढे शहरापासून दूर पूर्वेला कातोसीला नवं केंद्र उभं राहिलं. तेव्हा तिकडे सगळं आपणच शिकवायचं आहे, अशा थाटात कुणी जाऊ नये.

आणि आपल्याकडे देण्यासारखं एक आहे, जे तुमच्या यादीत कधी आलेलं मी पाहिलं नाही. महाराष्ट्रात आरोग्य विभाग पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर गावोगावच्या पाण्याच्या स्रोतांची पाहणी करतो आणि ग्रामपंचायतीला कार्ड देतो. धोका जास्त असेल तर लाल, मध्यम असेल तर पिवळं, ठीक असेल तर हिरवं, आणि ज्या गावात सलग पाच वर्षं साथ नाही त्याला चंदेरी. लाल कार्ड आलं की सरपंचाची गावात नाचक्की होते, आणि विहिरीचा कट्टा पंधरा दिवसांत दुरुस्त होतो. कार्डं कधी टेबलावर बसून भरली जातात, हेही मी जाणतो. तरीही छापील कागदाच्या किमतीत एवढा धाक निर्माण करणारी दुसरी व्यवस्था मला माहीत नाही. आरोग्यसेवक, जलसुरक्षक आणि पंपचालक ती चालवतात. ब्लँटायरच्या टेकड्यांवर, जिथे नळ थांबला की लोक उघड्या झऱ्यांकडे वळतात, तिथे ती आजपासून चालेल.

तुम्ही म्हणाल, आम्ही कर्ज देतो. योजना निवडणं आणि चालवणं हा त्या देशाचा सार्वभौम प्रश्न. मान्य केलं असतं. पण ७५ टक्के खरेदी कुठून करायची हे सांगताना सार्वभौमत्व आड आलं नाही, तर टोकाच्या नळाचं पाणी तपासा, हे सांगताना का यावं? आणि ही अट त्या देशांच्या विरुद्ध नाही. तिथल्या जलमंडळांतले अभियंते हेच मागत असतात. त्यांच्या अर्थखात्यांना पाईप दिसतात, प्रयोगशाळा दिसत नाही.

माझं मागणं एवढं आहे. पाण्याच्या प्रत्येक नव्या लाइन ऑफ क्रेडिटमध्ये योजना आखण्याआधीच तिथल्या जलमंडळाने केलेली, हवामानाचा धोका धरलेली जल सुरक्षा योजना मागा, आणि जॅकवेलची (नदीकाठच्या उपसा विहिरीची) उंची, जनरेटर, चुन्याची सोय हे सगळं तिच्यावरून ठरू द्या. कर्जाचा एक ठरावीक हिस्सा योजना सुरू झाल्यानंतरच्या पाच वर्षांसाठी राखून ठेवा: रसायनं, सुटे भाग, मीटर, डिझेल. हा हिस्सा ७५ टक्क्यांच्या अटीतून मोकळा ठेवा, म्हणजे डायफ्राम शेजारच्या देशात मिळत असेल तर तिथून घेता येईल. ठेकेदाराचा शेवटचा हप्ता पाईपच्या मीटरवर सोडू नका. एक पूर्ण पावसाळा जाऊ दे, सगळ्यात लांबच्या नळाला लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन सापडू दे, मग सोडा.

माणसांबद्दलही. १९६४ पासून चालणारा आयटेकचा, म्हणजे भारत सरकारचा परदेशी लोकांसाठीचा, प्रशिक्षण कार्यक्रम आपल्याकडे आहेच. त्यात अधिकारी येतात, वातानुकूलित खोलीत पॉवरपॉइंट बघतात, आग्रा पाहून परत जातात. त्याऐवजी ब्लँटायरचे, टांझानियातल्या म्वान्झाचे, बैराचे केमिस्ट आणि फिल्टर ऑपरेटर जूनमध्ये कोकणातल्या किंवा कोल्हापूरकडच्या एखाद्या केंद्रावर आणा आणि सप्टेंबरपर्यंत रात्रपाळीला उभे करा. आपल्याकडचे व्हॉल्व्हमन आणि केमिस्ट जानेवारीत, त्यांच्या पावसाळ्यात, तिकडे पाठवा. भाषेची अडचण येईल असं मला वाटत नाही. बीकरमध्ये फ्लॉक बसला की दोघांनाही तो सारखाच दिसतो. निवृत्त झालेले, हातपाय धड असलेले आमच्यासारखे बरेच जण घरी बसून आहेत. भत्ता नको, विमानाचं तिकीट आणि मलेरियाच्या गोळ्या पुरे.

आणि एक काम तर आजच होण्यासारखं आहे, त्याला नवं कर्जही नको. लिखुबुलाच्या पाण्याचे गेल्या पावसाळ्यातले आकडे ब्लँटायर वॉटर बोर्डाकडून मागवा: केंद्रावर येणाऱ्या पाण्याचा रोजचा गढूळपणा, बाहेर जाणाऱ्या पाण्याचा गढूळपणा, आणि टोकाच्या नळांचं उरलेलं क्लोरीन. ते बँकेच्या संकेतस्थळावर टाका. आकडे असतील तर मी ते आनंदाने वाचेन. नसतील, तर तेही तिथेच लिहा, आणि ब्लँटायरला पुढचं कर्ज देताना पहिली ओळ प्रयोगशाळेची असू द्या.

कळावे,
आपला,
एक निवृत्त केमिस्ट, नगरपालिका पाणीपुरवठा विभाग